वधूपक्षाच्या खोलीतील खाट

अर्ज करणार: प्रस्तुत लिहिणारा, राहणार सांगली जिल्हा, धंदा अर्ज लिहिणे, शिक्षण इयत्ता सातवी (परीक्षेस बसता आले नाही).

जिच्याविषयी अर्ज: एक जोगतीण, मूळ गाव रहिमतपूर, नंतर कायमचे वास्तव्य कवठे महांकाळच्या बाजूस. नाव घालीत नाही. "माझं नाव तोंडानं घ्या, कागदावर नगं. कागदावर त्याला लय डाग पडल्यात," असे तिने मला बजावले होते.

वय: दोन. खुलासा पुढे येईल.

काळ: सन नव्वदनंतरची पहिली काही वर्षे. मुख्य हकीकत एका सालच्या मार्गशीर्ष पौर्णिमा आणि माघ पौर्णिमा यांच्या दरम्यानची.

साक्षीदार: सात बायका, सर्व साठीच्या पुढच्या, सर्वांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. सही एकीचीही नाही. अंगठे सात.

विदित असावे की, तालुक्याच्या कचेरीबाहेर चिंचेच्या झाडाखाली माझे टेबल आज तीस वर्षे आहे. लोक मला 'रायटर' म्हणतात. वारसनोंद असो, पाणंदीचे भांडण असो, माझ्या हातचा कागद साहेबाच्या टेबलावर गेला की साहेब चष्मा लावतो, असा अनुभव आहे. अशा मनुष्यास सहसा कोणाचे नवल वाटत नाही. सदर बाईंचे वाटले, आणि अजून ओसरलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

बाई पहिल्यांदा आल्या त्या फाटलेल्या रेशनकार्डाची दुय्यम प्रत मिळावी म्हणून. उंच, हाडाने रुंद. अंगावर हिरवे लुगडे, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर यल्लमा देवीची परडी. ती परडी त्यांनी उतरवून थेट माझ्या कागदांवर ठेवली.

मी म्हणालो, "हे टेबल सरकारी कामाचं आहे."

"मग देवी बी सरकारीच म्हना की. सगळ्यांच्या दारात हेलपाटं घालती, आन कुनी बस म्हनत न्हाई."

पहिल्या दिवशी मी त्यांना बाई म्हटले नाही, हे नमूद करणे भाग आहे. जुन्या कार्डावर पुरुषाचे नाव होते आणि कार्डावर असते ते खरे, अशी माझी तोवरची समजूत होती. नाव तसेच उतरवून मी वय विचारले.

"अडतीस."

मी मान वर करून पाहिले. डोक्यावर एक काळा केस शोधून सापडला नसता. "अहो, उद्या साहेबानं मला विचारलं तर?"

"इचारू द्या. चोविसाव्या वरसी देवीच्या डोंगरावर माझ्या गळ्यात देवीचं मोती बांधलं, जोगतीन केलं. त्या दिवशी म्या जल्मले. त्येला अडतीस झाली."

"आणि त्याआधीची चोवीस?"

"ती एका गड्याची हायत. लय गुनी पोरगं हुतं वो. कुनाला उलट बोललं न्हाई, सगळं सोसलं, आन एक दिवस माझ्यासाटनं उटून गेलं. त्येचं वय त्येला ऱ्हाऊ द्या. मला कशाला चोरी कराया लावता?"

मी बासष्ट लिहिले. त्यांनी वाचून दाखवायला लावले आणि मान हलवली. "तुमी बेरीज केली. बेरीज बरोबर हाय, पर मानसं दोन हायत."

त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःचे वय मनात मोजले, आणि त्यातली माझी म्हणावी अशी वर्षे किती, हे मला सांगता आले नाही.

मंगळवारी व शुक्रवारी बाई जोगवा मागत आमच्या गल्लीत येत. माझ्या कुटुंबाशी त्यांचे कसे जमले, ते मला कळलेही नाही. एका मंगळवारी दुपारी जेवायला घरी गेलो, तो उंबऱ्यावर बाई मान वर करून बसलेल्या, आणि माझे कुटुंब चिमट्याने त्यांच्या हनुवटीवरचे केस उपटते आहे. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा चढू लागल्याने बाईंना स्वतःला ते केस दिसेनासे झाले होते.

"आवं हळू वो वैनी, कातडं माजं हाय."

"गप बसा. हलला तर राहील एखादा."

"राहू द्या एकांदा. देवीच्या वाघाला बी मिशा हायत." मग त्यांनी हात पुढे करून माझ्या कुटुंबाच्या हनुवटीवर बोट फिरवले आणि मोठ्याने हसल्या. "आगं बया! तुमास्नी बी फुटल्या की! चाळीस वरसं झाली, ह्या चार केसापायी म्या उजाडायच्या आत उटते. आन आता म्हातारपन तुमास्नी आपसूक देतंय. या वैनी, या. आता आपुन एकाच वळीत."

दुसऱ्या कोणी असे म्हटले असते तर कुटुंबाने आठ दिवस अन्न घेतले नसते. ती पोट धरून हसली. नंतर चिमटा बाईंच्या हाती देऊन तिने आपली हनुवटी पुढे केली. बाईंना दिसत नव्हते, तरी बोटाने चाचपून त्यांनी दोन केस अचूक काढले.

म्हातारपणाविषयी त्या असे बोलत की जणू ते म्हणजे बऱ्याच दिवसांनी माहेरी आलेली धाकटी बहीण आहे, लाडकी आणि त्रासदायक. एकदा म्हणाल्या, "तरनी हुते तवा मानसं डोळं फाडून बगायची. बाई हाय का गडी हाय? बाजारात चालायचं तर पाठीवर नजरांचं वझं. आता म्हातारीकडं कोन बगतंय? एस्टीत सरळ बायांच्या शीटवर जाऊन बसते. कंडाक्टर म्हनतो, 'म्हातारे, सरक.' लय बरं वाटतं." मग म्हणाल्या, "आन वाईट बी वाटतं. बाई म्हनून बगावं असं वय हुतं, तवा कुनी तसं बगितलंच न्हाई. आता मानत्यात, तर बगत न्हाईत."

त्यांच्या पूर्वायुष्याची एकच हकीकत त्यांनी मला पूर्ण सांगितली. घरच्यांनी लग्न ठरवले, हळदीच्या आदल्या दिवशी त्या रहिमतपुराहून निघाल्या, आणि कवठे महांकाळच्या बाजूच्या एका वृद्ध जोगतिणीने त्यांना पदरात घेतले, एवढे लोकांनाही ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते. मोती बांधल्यावर सहा वर्षांनी त्या एकदाच रहिमतपूरच्या बाजारात गेल्या. तेथे शेंगांचे गाठोडे पुढे ठेवून एक म्हातारी उभी होती. तिने हाक मारली, "बाई, वाईच वझं उचलू लाग गं."

ती त्यांची आई होती.

"मग?" मी विचारले.

"मग काय? उचलू लागले. तिच्या डोस्क्यावर नीट ठिवलं, चुंबळ सारकी केली. तिनं माज्या तोंडाकडं बगितलं आन म्हनाली, 'औक्षवंत हो लेकी.' आन गेली."

"सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? आयनं मला बाई म्हनलं, लेक म्हनलं. ह्येच्या फुडं सांगण्यासारकं काय ऱ्हायलं हुतं? वळख दिली असती तर दोनी परत घेतलं असतं तिनं."

अर्ज लिहिणाराने रडू नये, शाई पसरते. मी टाक खाली ठेवला.

आता मुख्य हकीकत. डोळे पुरते अधू झाले. बाई गल्लीत भिंत धरून येऊ लागल्या. त्याच सुमारास सांगली शहरात एका धर्मादाय संस्थेने मोतीबिंदूचे शिबिर जाहीर केले. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. तिने शेकडो लोकांना दृष्टी दिली आहे. गावात नावनोंदणीस आलेल्या मंडळींनी रेशनकार्ड पाहून बाईंचे नाव लिहून नेले. माझे कुटुंब मला म्हणाले, "तुमी संगं जावा. कुठंतरी कागद लागेलच." मी पिशवीत कोरे कागद, टाक आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड घेतला.

निघण्यापूर्वी मी एक हुशारी सुचविली. बाईंचे हात मोकळे होते. मी कुटुंबास म्हणालो, "दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घाला यांना. बघणाऱ्याला पहिल्यांदा हात दिसतो."

दोघींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी देवळात जोडे घालून शिरलो होतो. कुटुंब म्हणाले, "आवं, रांडाव पुनव झाली न्हवं का? देवीचा मालक गेला, तवा जोगतिणी बांगड्या फोडत्यात. माघातल्या अहेव पुनवेला परत भरायच्या. मधी कशा घालतील?"

"दीड-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, देवी समजून घेईल."

बाई म्हणाल्या, "देवी घील वो. म्या कशी घिऊ? ती तिकडं उगड्या हातानं बसल्या, आन म्या इकडं डोळ्यासाटनं शिनगार करू?"

आम्ही मोकळ्या हातांनीच सांगलीस गेलो.

शिबिर एका मंगल कार्यालयात होते. दोन मोठ्या खोल्यांत खाटा मांडल्या होत्या, आणि दारांवर लग्नाच्या पाट्या तशाच राहिल्या होत्या: एकीवर 'वरपक्ष', दुसरीवर 'वधूपक्ष'. पुरुष रोगी पहिलीत, स्त्रिया दुसरीत. शस्त्रक्रियेनंतर चार दिवस दोन्ही डोळे बांधून तेथेच पडून राहायचे होते. व्यवस्थापकांनी वहीत पाहिले, बाईंकडे पाहिले, पुन्हा वहीत पाहिले. "नोंद पुरुष आहे. वरपक्षाच्या खोलीत जा."

बाई तेथल्या पायरीवर बसल्या. "रायटर, वरपक्षातनंच पळाले हुते म्या. अडतीस वरसांनी परत त्याच खोलीत घालत्यात." त्या हसल्या, आणि परडी मांडीवर ओढून घेतली. "डोळं बांधून चार दिस गड्यांच्यात न्हाई पडनार. मला मोप ठावं हाय गड्यांची खोली कशी असती. आंधळी ऱ्हाईन."

डॉक्टर तरुण होते. "मला डोळ्याशी काम, खोलीशी नाही," म्हणाले, आणि हेही म्हणाले की उजवा डोळा आता झाला नाही तर पुढील साली त्याचा उपयोग होणार नाही. दुपारी तीनपर्यंत बाई खाटेवर पाहिजेत, नाहीतर नंबर दुसऱ्याला. घड्याळात बारा वाजून गेले होते.

मी पायरीवर बसून अर्ज लिहिला. उत्कृष्ट उतरला, असे आजही म्हणतो. त्यात लिहिले, की अर्जदार जरी जन्माने पुरुष असला तरी आता अतिवृद्ध, दुर्बळ व सर्वस्वी निरुपद्रवी झालेला असून, सबब त्यास स्त्रियांच्या खोलीत ठेविल्यास कोणासही धोका संभवत नाही. हा मुद्दा व्यवस्थापक अमान्य करूच शकले नसते. मी तो बाईंना वाचून दाखविला.

त्यांनी कागद मागितला. दिसत नव्हते, तरी दोन्ही बाजूंनी हात फिरवला. मग मधोमध फाडला, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडला, आणि माझ्या पिशवीत ठेवला.

"बाई, हा चालला असता!"

"चालला असता म्हनूनच फाडला. म्हातारी झाले म्हनून आत घ्यायची असंल तर नगं. उद्या कुनी तरनी जोगतीन आली, तिनं काय म्हातारं व्हईस्तवर पायरीवर बसायचं? म्या बाई हाय म्हनून आत जाईन. न्हाईतर हितनं गावाला."

"डोळा जाईल."

"जाऊ द्या. डोळं तसं बी त्या पोराचं हायत. मला ते मिळाल्यालं हुतं, एवडंच."

माझ्या आयुष्यात माझा अर्ज कोणी फाडला नव्हता. राग यावयास हवा होता. त्याऐवजी मला, टेबलावर बसून दुनियेला भाषा शिकविणाऱ्या माणसाला, असे वाटले की मी आजवर लोकांना पाहिजे ते लिहिले नाही, साहेबाला चालेल ते लिहिले. मी दुसरा कागद घेतला. त्यावर एकच वाक्य लिहिले: 'मी स्त्री असून मला स्त्रियांच्या खोलीत खाट मिळावी.' व्यवस्थापकांनी ते वाचले आणि म्हणाले, "खोलीतल्या बायका हरकत नसल्याचं लिहून देत असतील तर झोपा. पण त्या देणार नाहीत. यांच्या हातात साधी बांगडीसुद्धा नाही."

वधूपक्षाच्या खोलीत सात जणी होत्या. मी दारात उभा राहून अर्ज वाचला. बाई माझ्या मागे, परडी छातीशी धरून. मग कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पाटलीणबाई म्हणाल्या, "माझी हरकत हाय. डोळं बांधल्याव रातीला कुनाचा हात अंगावर पडला तर?"

बाई पुढे झाल्या. "आई, तुमास्नी ज्येचं भ्या वाटतंय, त्येचंच मला त्या खोलीचं वाटतंय. दुसरं काय न्हाई."

तेव्हा दाराजवळच्या खाटेवरून सुलाबाई नावाच्या एक वृद्ध बौद्ध बाई उठून बसल्या. "माझं आयक, जोगतिणी. आमी छप्पन सालानंतर देव-देवस्की सोडली. तुझी परडी, तुझं मोती मला पटत न्हाई, आन तुझ्या तोंडावर सांगती. पर कुनी कुटं बसायचं ह्ये दुसऱ्यानं ठरवायचं, त्ये बी आमी तवाच सोडलं. माझ्या शेजारची खाट मोकळी हाय. ये."

व्यवस्थापक दारात आले होते. ते म्हणाले, "अहो, पण बांगडी नाही, काही नाही, बाई कशावरून म्हणायचं?"

आणि हरकत घेणाऱ्या त्याच पाटलीणबाई खाटेवर ताठ झाल्या. "कशावरनं? रांडाव पुनव झाल्या, अहेव पुनव यायची हाय. ह्या दिसांत जोगतीन बांगडी भरंल व्हय? एवडं बी ठावं न्हाई, आन शिबिरं भरवताय!" त्या बाईंच्या दिशेने वळल्या. "हितं डोळा मिळवायला आली, तरी हात मोकळंच ठेवलंस व्हय गं?"

"व्हय आई."

"कुनी सांगितलं न्हाई भर म्हनून?"

बाईंनी माझे नाव सांगितले नाही. "सांगितलं हुतं एकानं," एवढेच म्हणाल्या.

पाटलीणबाईंनी खाटेवरून पाय खाली सोडले. "दुसऱ्याच्या मरनाचं रांडपन जी एवडं पाळती," त्या म्हणाल्या, "ती बाई न्हाई तर कोन? रायटर, आंगठा कुटं लावायचा?"

मी पॅड उघडला. एकेक हात धरून कागदावर टेकवला, कारण रेघ कोठे आहे ते सातांपैकी एकीलाही दिसत नव्हते. मी कचेरीत जमीनदारांचे अंगठे घेतले आहेत, मरणाऱ्यांचे घेतले आहेत. इतके जड अंगठे कधी घेतले नाहीत. पावणेतीन वाजता बाई सुलाबाईंच्या शेजारच्या खाटेवर होत्या.

चार दिवस त्या खोलीत काय झाले, ते मी पाहिलेले नाही. पुरुषांस प्रवेश नव्हता. बाहेर बाकावर बसून मला ऐकू येत असे. आठ आंधळ्या म्हाताऱ्या आपापल्या सुनांच्या तक्रारी सांगत, आणि बाई, सून नसूनही, प्रत्येकीला सल्ला देत. सुलाबाई म्हणायच्या, "जोगतिणी, गप झोप," आणि पाच मिनिटांनी स्वतःच विचारायच्या, "झोपलीस व्हय गं?"

पाचव्या दिवशी पट्ट्या सोडल्या. दार उघडे होते. बाईंनी एकेका खाटेकडे पाहिले, पांढऱ्या डोक्यांवरून नजर फिरवली, आणि ओरडल्या, "आगं बया, आपुन तर सगळ्याच म्हाताऱ्या हाओत की!" सगळी खोली हसली.

मग त्यांनी संस्थेने दिलेले कार्ड माझ्यापुढे केले. "वाचा. काय लिवलंय?"

कार्डावर छापील रकाने होते. शस्त्रक्रिया, उजवा डोळा. आणि त्याखाली शाईने: 'पुरुष. खोली: वरपक्ष. खाट क्रमांक अकरा.' झोपू दिले होते. नोंद मात्र बदलली नव्हती. कागदोपत्री बाई चार दिवस त्या खोलीत होत्या, जिच्यात त्यांनी पाऊलही ठेवले नव्हते.

तीस वर्षांत कागदावर लिहिलेल्यात मी काना-मात्रेचाही फरक करून कोणास वाचून दाखविलेले नाही. त्या दिवशी दाखविले. मी खणखणीत आवाजात वाचले: "स्त्री. खोली वधूपक्ष. खाट क्रमांक आठ."

बाईंनी कार्ड घेतले. त्यांना अक्षर येत नव्हते. तरी त्या नव्या डोळ्याने त्यांनी आधी कार्डाकडे आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिले, फार वेळ पाहिले. "रायटर," त्या म्हणाल्या, "अक्षर लय चांगलं हाय." आणि कार्ड परडीत ठेवले.

पुढे सहा-सात वर्षे त्या जगल्या. दारात आलेल्या कोणालाही ते कार्ड दाखवीत. वाचता येणारेही पुष्कळ आले असतील. कोणी काही बोलले, असे माझ्या ऐकिवात नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्याच सांगण्यावरून ते माझ्या कुटुंबाकडे आले, आणि आता या कागदाशेजारी आहे.

सबब सदर संस्थेच्या संबंधितांस नम्र विनंती, की आपली जुनी वही काढावी. सात अंगठ्यांचा मूळ कागद तिच्यातच टाचलेला असेल. खाट क्रमांक अकराची नोंद रद्द करून ती खाट क्रमांक आठवर घ्यावी आणि त्यापुढील शब्द दुरुस्त करावा. अर्जदार बाई हयात नाहीत, सबब विषय संपला, असे उत्तर कृपया देऊ नये. विषय माझा आहे. मी एका बाईला, तिच्या नव्या डोळ्यादेखत, कार्डावर नसलेले वाचून दाखविले आहे. ते मी परत घेणार नाही. वही बदलावी, म्हणजे मी वाचले ते खरे ठरेल.

लेखी उत्तर मिळावे. वाचून मी दाखवीन.